लाल दिघी आणि मराठ्यांचा खंदक

कोलकात्याच्या ऐन मध्यभागी, सरकारी कचेऱ्यांच्या गराड्यात एक तळे आहे. दिघी म्हणजे मोठे तळे. याचे नाव लाल दिघी. हे मूळचे एका खेड्यातले तळे होय, असे सांगितले तर नवख्या वाटसरूला ते खरे वाटणार नाही. परंतु शहर वसण्यापूर्वी हुगळीच्या काठी सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर ही तीन गावे नांदत होती, आणि ही दिघी त्यांतील मधल्या गावची. १६९८ साली ईस्ट इंडिया कंपनीने सावर्ण रायचौधरी घराण्याकडून या गावांचे हक्क १३०० रुपयांस घेतले. पुढे नदी आणि दिघी यांच्या दरम्यान कंपनीचा किल्ला उभा राहिला, दिघी खणून वाढविण्यात आली, आणि गोऱ्या वस्तीची तहान तिच्यावर भागू लागली.

याच शहराने आणखी एक खोदकाम केले, ते मात्र आपल्या भयाने. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम चौथाईसाठी बंगालवर चालून गेले. तेव्हा नवाब अलिवर्दीखानाच्या परवानगीने नगरवासीयांनी उत्तर व पूर्व बाजूंनी खंदक खणावयास घेतला. बेत सात मैलांचा होता. सुमारे तीन मैल खणून झाले, मराठे काही आले नाहीत, आणि काम थांबले. १७५६ साली सिराजउद्दौला आला तेव्हा हा अर्धवट खंदक शहर वाचवू शकला नाही. १७९९ साली तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधण्यास प्रारंभ झाला.

कोलकाता वाचले, पण पश्चिम बंगालमधील खेडी वाचली नाहीत. तेथील जाळपोळ आणि लूट गंगाराम या समकालीन कवीने आपल्या 'महाराष्ट्र पुराणा'त नोंदविली आहे. आपल्याकडील 'बारगीर' हा साधा शब्द तिकडे 'बर्गी' झाला आणि बंगाली आयांच्या अंगाईगीतांत जाऊन बसला.

१७५१ च्या तहाने बंगालची वार्षिक बारा लाखांची चौथाई ठरली, हे आपण अभिमानाने सांगतो. ती कोणाच्या घरांतून आली, हेही सांगावयास हवे. लाल दिघीच्या काठी उभ्या राहणाऱ्या मराठी माणसाला ते पाणी अजून दिसते. खंदक दिसत नाही. म्हणूनच त्याची आठवण आपण होऊन ठेवली पाहिजे.