पिसांचा टोप आणि पुसलेलं घड्याळ

रेड इंडियन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? घोडा, कुऱ्हाड, अन् डोक्यावर गरुडाच्या पिसांचा पाठीपर्यंत लोंबणारा टोप. हे आपण थेटरात पुढच्या बाकड्यांवर बसून पाहिलं. शिट्ट्या मारल्या त्या गोऱ्या बंदूकवाल्यासाठी. मित्रांनो, कबूल करा. मीही मारल्यात.

आता ऐका. अमेरिकेतल्या त्या मूळ लोकांच्या जमाती पाचशेच्या वर. भाषा वेगळ्या, घरं वेगळी, कपडे वेगळे. तो टोप गवताळ मैदानातल्या लाकोटा, शायेन, क्रो अशा काही जमातींचा. तोही कुणीही उठून घालायचा नाही. एकेक पीस पराक्रम करून मिळवायचं आणि लोकांनी ते मान्य करायचं. मग सगळ्यांच्या डोक्यावर तो आला कुठून?

खेळातून. १८८३ साली बफेलो बिल नावाच्या गोऱ्यानं 'वाइल्ड वेस्ट' हा तमाशा काढला. घोडे, बंदुका आणि खरेखुरे लाकोटा. १८८५ च्या हंगामात लाकोटांचा पुढारी सिटिंग बुल त्यात होता, आठवड्याला ५० डॉलर. गोऱ्यांच्या फौजेशी लढलेला माणूस तिकीट लावून दाखवला. १८८७ ला हा खेळ लंडनात राणीपुढं झाला. गिऱ्हाइकाला इंडियन म्हणजे हाच असं ठसलं. पुढं ज्यांच्या आज्यापणज्यांनी असला टोप पाहिलाही नव्हता, त्या जमातीही पाहुण्यांपुढं तो घालू लागल्या. नाही घातला तर ओळखणार कोण?

आणि त्याच १८८३ साली सरकारनं नियम केले : त्यांचे नाच, त्यांचे विधी गुन्हा. वस्तीवर नाचलं तर शिधा बंद, नाहीतर कोठडी. खेळात नाचलं तर पगार. अंग तेच, कपडा तोच. परवाना कुणाचा, एवढाच फरक.

१५ डिसेंबर १८९० ला सिटिंग बुलला पकडायला आलेल्या सरकारी पोलिसांनी त्याच्याच दारात गोळी घातली. दोन आठवड्यांनी वूंडेड नी इथं फौजेनं लाकोटांची कत्तल केली, बायकापोरांसकट. कित्येकांच्या अंगात मंतरलेले सदरे होते, गोळी लागणार नाही या विश्वासानं घातलेले. असला एक सदरा बफेलो बिलच्या खेळाबरोबर ग्लासगोला पोचला, १८९२ पासून तिथल्या म्युझियममध्ये राहिला. लाकोटांना परत मिळाला १९९९ साली.

दुसरीकडं शाळा. कार्लाइलची शाळा निघाली १८७९ ला. पोर आलं की आधी केस कापायचे, मग गणवेश. 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो काढून लोकांना दाखवायचे. म्हणजे एक गोरा कपडे उतरवतोय, दुसरा तेच घालायला पैसे देतोय. विचारलं कुणीच नाही.

फोटोवरून कर्टिस आठवला. या एडवर्ड कर्टिसनं १९०७ ते १९३० पर्यंत मूळ लोकांवर वीस खंड काढले. मेहनत मोठी, नाकारत नाही. पण एका फोटोत पिगन जमातीचे दोन पुरुष तंबूत बसलेत आणि त्यांच्या मधोमध एक घड्याळ होतं. छापताना कर्टिसनं ते पुसून टाकलं. का? इंडियनाकडं घड्याळ असलं तर तो अस्सल राहत नाही! आपल्यातला एखादा इस्त्रीची पँट घालून आला की 'वाटत नाही हो तुम्ही त्यातले' म्हणणारे भेटतात ना, ते याच खात्यातले.

वास्तविक त्या लोकांचा कपडा कधी थांबलेलाच नव्हता. आधी साळिंदराच्या काट्यांचं भरतकाम होतं. मग व्यापाऱ्यांकडून व्हेनिसचे काचमणी आले, तेच त्यांच्या हातात त्यांचे झाले. ओजिब्वे बायकांचा छमछम वाजणारा पोशाख घ्या. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सुमारास तो निघाला, आजारी पोरीला बरं करायला, असं ते लोक सांगतात. त्याचे घुंगरू कशाचे? तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांचे! आज तो पोशाख पवित्र आहे. पत्रा कुणाचा होता ते कुणी विचारत नाही. मी कापडाच्या धंद्यातला माणूस, मला विचाराल तर हे झाकण त्या वीस खंडांपेक्षा खरं.

नक्कल करणाऱ्यांचं मात्र बरं चालतं. १९७१ च्या टीव्ही जाहिरातीत कचरा बघून रडणारा इंडियन अमेरिकाभर गाजला. तो नट इटालियन आईबापांचा, हे १९९६ ला उघड झालं. २०१२ ला व्हिक्टोरियाज सीक्रेटनं चड्डी-बॉडीतल्या मॉडेलच्या डोक्यावर तोच पिसांचा टोप चढवला, मग माफी मागितली. पण खरा असेल त्याच्याजवळ रक्ताचा अंश लिहिलेला सरकारी कागद मागतात, अर्धा, पाव, एकअष्टमांश. दाखल्याच्या रांगेत उभं राहिलेल्याला हे समजावून सांगायला नको.

बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बायकांना सांगितलं होतं की जातीची खूण पटवणारं लुगडं नेसणं आणि गळाभर, हातभर दागिने सोडा. ती 'परंपरा' आपल्यावर लादलेली होती, म्हणून टाकली. लाकोटांची त्यांच्यापासून हिसकावलेली होती, म्हणून ते परत मागतात. दोन्हीकडं बोलणारे ते स्वतः आहेत. लग्युना प्युब्लो जमातीची डेब हालंड मार्च २०२१ मध्ये अमेरिकेची गृहखात्याची मंत्री झाली. आपल्यासारखं पोलिसांचं नव्हे, जमिनी आणि जमाती सांभाळणारं खातं. शपथेला ती रिबिनी लावलेला घागरा नेसून गेली. रिबिनीही मूळच्या व्यापाऱ्यांकडच्याच.

कर्टिसचा न पुसलेला फोटो वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहे. घड्याळ दिसतं.