मालेगावचे दोन खटले आणि आपला तराजू

सप्टेंबर २००६ मध्ये मी बी.एड. करत होतो. त्या एका महिन्यात दोन गावांची नावे महाराष्ट्रभर झाली. ८ तारखेला मालेगाव आणि २९ तारखेला आमच्याच भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले खैरलांजी.

खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. तिथे पोलीस वेळेवर पोहोचले नाहीत, शवविच्छेदनात हयगय झाली आणि मोठ्या वृत्तपत्रांना घटनेचे गांभीर्य कळायला आठवडे लागले. लोक निषेधासाठी रस्त्यावर आले, तेव्हा त्यांच्यामागे नक्षलवादी असल्याची भाषा झाली. मालेगावात याच्या उलट घडले. तिथे उत्तर सापडायला फार वेळ लागलाच नाही.

तो जुम्याचा दिवस होता आणि रात्री शब-ए-बरात होती. आपल्या मयतांसाठी फातिहा पढायचा हा दिवस. हमीदिया मशीद, तिला लागून असलेले बडा कब्रस्तान आणि मुशावरत चौक, अशा ठिकाणी स्फोट झाले. सायकलींना बॉम्ब बांधले होते. तीसहून अधिक लोक मेले, तीनशेच्या आसपास जखमी झाले. दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) नऊ मुस्लिम तरुणांना आरोपी केले आणि डिसेंबरात आरोपपत्रही दाखल झाले. मरणारे मुसलमान, मारणारेही मुसलमान, अशी ती कथा होती. वाहिन्यांनी ती जशीच्या तशी दाखवली. ‘सूत्रांनी सांगितले’ एवढ्या आधारावर माणसे ‘मास्टरमाइंड’ झाली. ती सूत्रे कोण, हे कुणी विचारले नाही.

विचारण्यासारखे मात्र पुष्कळ होते. नऊपैकी एक जण त्या दिवशी मालेगावात नव्हताच, तर आपल्या विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात फुलसावंगीला नमाज पढवत होता, असे तिथले गावकरी सांगत होते. मालेगावपासून जवळपास चारशे किलोमीटर! दुसरा तर स्फोटाच्या आधीपासूनच मुंबई पोलिसांच्या ताब्यात होता. तरी खटला उभा राहिला, कारण तपासाकडे कबुलीजबाब होते. साध्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा ठरत नाही. मोक्का कायद्यात मात्र अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते. न्यायालयात आरोपींनी त्या कबुल्या नाकारल्या. नंतर तपास सीबीआयकडे गेला, तिनेही एटीएसचीच कथा पुढे नेली.

२०१० च्या अखेरीस स्वामी असीमानंद यांनी दिल्लीत दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब दिला. मालेगावसह अनेक स्फोटांमागे हिंदुत्ववादी गट असल्याचे त्यात होते. २०११ मध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे (एनआयए) गेला आणि पाच वर्षांनी त्या तरुणांना जामीन मिळाला. २०१३ मध्ये एनआयएने दुसऱ्याच चौघांवर आरोपपत्र ठेवले. २५ एप्रिल २०१६ ला विशेष न्यायालयाने हयात असलेल्या आठही जणांना दोषमुक्त केले. नववा त्याआधीच वारला होता. अटक झाली तेव्हा दिवसदिवस चर्चा चालल्या होत्या. दोषमुक्तीची बातमी आमच्याकडे येईपर्यंत आतल्या पानावर पोहोचली होती.

इथपर्यंत वाचून माझे मुस्लिम वाचक मान डोलावतील. पुढचा भाग आपल्यासाठी आहे.

२९ सप्टेंबर २००८ ला मालेगावच्या भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला. सहा जण मेले. यावेळी हेमंत करकरे यांच्या नेतृत्वाखालील एटीएसने साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर आणि लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांना अटक केली. आणि दोन वर्षांपूर्वी आपण ज्या एटीएसवर काडीचाही विश्वास ठेवत नव्हतो, तीच आपल्याला एकाएकी प्रामाणिक वाटू लागली. ज्यांनी २००६ ची कथा डोळे मिटून खरी मानली होती, त्यांना तीच एटीएस छळ करणारी वाटू लागली. अधिकारी बदलले होते, हे खरे. पण आपण अधिकारी पाहिले होते की आरोपींची नावे?

२०२५ च्या जुलैत या प्रश्नाने मला गाठलेच. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांतील बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यांच्यापैकी पाच जणांना फाशी झाली होती. एक जण तर निकालाआधीच कैदेत मेला होता. सुटलेल्यांपैकी काही जण नागपूरच्या कारागृहातून, म्हणजे आमच्यापासून साठेक किलोमीटरवरून बाहेर आले. मी खूश होतो. दहा दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या खटल्यातले सातही आरोपी निर्दोष सुटले. मी संतापलो. शाळेत माझे एक सहकारी आहेत, त्यांचे नेमके उलट झाले होते. मधल्या सुटीत चहा पिताना आम्ही दोघे गप्प होतो. मग त्यांनीच विचारले, “सर, तुम्ही निकाल वाचला का?” मी नाही म्हणालो. त्यांनीही वाचला नव्हता.

दोन्ही निकालांत न्यायालयांनी जवळपास एकच सांगितले होते: तपास यंत्रणेने आरोप सिद्ध केले नाहीत आणि संशय पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. असीमानंदांचा जबाब आपण डोक्यावर घेतला होता. पुढे त्यांनीही तो मागे घेतला आणि मक्का मशीद खटल्यातून ते सुटले. दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब पोलिसांपुढच्या जबाबापेक्षा वजनदार असतो, हे मला ठाऊक आहे. पण पुराव्याची मागणी आपल्या माणसांपुरती असेल, तर ती न्यायाची मागणी नाही, वकिली आहे.

कुराणातही हेच बजावले आहे: कुणाबद्दलच्या वैरामुळे न्याय सोडू नका. मुलांना हे शिकवणे सोपे आहे.

या साऱ्यात कुणाचे गेले? २००६ च्या मालेगाव प्रकरणात आजवर एकालाही शिक्षा झालेली नाही. २००८ च्या खटल्यात सगळे सुटले. लोकलमध्ये मेलेल्या १८० हून अधिक प्रवाशांचे मारेकरी कोण, हेही आज कोणते न्यायालय सांगू शकत नाही. खोटा आरोपी पकडला की खरा मोकळा राहतो. म्हणून निर्दोष माणसाची अटक हा त्याच्या समाजाचा प्रश्न नसतो, तो मेलेल्यांच्या घरच्यांचाही असतो, मग ती घरे मालेगावची असोत की विरार-बोरिवलीची.

शब-ए-बरातला आम्ही इथल्या कब्रस्तानात जातो, तेव्हा बडा कब्रस्तानची आठवण येते. तिथे फातिहा पढायला गेलेल्यांसाठीच आता दुसरे फातिहा पढतात. पुढच्या वेळी कुठे स्फोट झाला आणि वाहिनीवर नाव झळकले, तर ते नाव कोणत्या धर्माचे आहे हे पाहण्याआधी पुरावा काय आहे हे मी विचारीन. सहकाऱ्यांनाही मी तसा शब्द दिला आहे. त्यांनीही दिला आहे.