खर्जाचा दुसरा डबा

ध्वनिमुद्रित गाणं आपल्या देशात येऊन सव्वाशे वर्षं होत आली. पण त्यातला खर्ज घरात यायला फार उशीर लागला, आणि आमच्या वर्ध्याच्या घरात तो नीट ऐकू येऊ लागला गेल्या महिन्यात. त्यासाठी दुसरा सबवूफर आणावा लागला. "एक असताना दुसरा कशाला?" असं नागपूरच्या वन्संनी फोनवर विचारलं, म्हणून हे लिहायला घेतलं.

१९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गेसबर्गने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि त्या आवाजाच्या जोरावर सुईने मेणावर रेघ ओढायची. वरच्या सुरांना हे जमे, खालच्यांना नाही. डग्ग्याचा घुमारा तबकडीवर जेमतेमच उतरे. १९२५ मध्ये विजेवरचं मुद्रण आलं, आणि त्याच वर्षी राइस व केलॉग यांनी आजच्या लाउडस्पीकरचा आराखडा मांडला. १९४८ मध्ये नागपूर आकाशवाणी सुरू झाली. आमच्या लहानपणच्या रेडिओवर तुकडोजी महाराजांची खंजिरी खणखणीत वाजायची, डग्गा मात्र पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा. खालचा सूर काढायला पुष्कळ हवा हलवावी लागते. त्या हातभर पेटीला ती कशी हलणार?

१९७४ च्या 'अर्थक्वेक' सिनेमासाठी थिएटरांत भूकंपाच्या गडगडाटाचे भलेमोठे स्पीकर बसवले होते. पुढे डीव्हीडीबरोबर ती हौस घरोघर आली. ५.१ मधला तो 'पॉइंट वन' म्हणजे सबवूफर. (मिरवणुकीत छातीत धडधड करतात ती या घराण्याची वाया गेलेली पोरं. असो.)

आता खोलीकडे येते. पसरट परातीत पाणी घेऊन ती जरा हलवा. पाणी दोन्ही काठांशी वरखाली होतं, मधे पातळी जवळजवळ तीच राहते. बंद खोलीत खालच्या सुरांचं असंच होतं. आमची बैठकीची खोली १४ फूट लांब. साधारण ४० हर्ट्झच्या सुराची लाट २८ फुटांची, म्हणजे खोलीच्या बरोबर दुप्पट. तो सूर दोन्ही भिंतींशी घुमतो आणि मधोमध नाहीसा होतो. वरच्या सुरांच्या लाटा आखूड, त्यामुळे त्यांचा असा खेळ एवढा जाणवत नाही.

आणि मधोमध ह्यांची आरामखुर्ची. ह्यांनी गावच्या भजनी मंडळात तीस वर्षं तबला वाजवला. आता ऐंशीला आलेत. वय झालं की कानातून आधी बारीक, वरचे सूर जातात. चाटीची कड ह्यांना आता ऐकू येत नाही. उरलाय तो डग्गा. तोच नेमका खुर्चीशी पातळ व्हायचा. गुडघ्यांमुळे भिंतीशी, पायरीजवळ खुर्ची नेणं शक्य नव्हतं. आवाज वाढवला की मी भिंतीशी बसलेली, माझं डोकं दुखायचं आणि शेजारी खिडकी लावून घ्यायचे.

२००२ साली अमेरिकेतल्या हरमन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी खोलीत किती सबवूफर पुरतात याचा हिशोब मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक, असे दोन ठेवले तरी पुष्कळ काम होतं, असं त्यात निघालं. परातीला दोन्ही टोकांनी एकाच वेळी सारखा रेटा दिला तर हिंदोळा जमतच नाही, तसं. ख्याल गायकाच्या मागे दोन तानपुरे असतात, तेही काही आवाज मोठा करायला नसतात. चिरंजीवांनी पुण्याहून दुसरा डबा पाठवला, शेजारच्या इलेक्ट्रिशियनने उंबरठ्याच्या कडेने वायर नेली. दोन्हींचा फेजचा खटका एकाच बाजूला ठेवला आणि प्रत्येकाचा आवाज पूर्वीपेक्षा कमी केला.

सगळं साधलं असं नाही. आतल्या खोलीत एक सूर अजून घुमतो, त्या भांड्यांच्या फळीचं काहीतरी करावं लागेल. पण परवा वसंतराव देशपांडे लावले होते. हे विदर्भातल्या मूर्तिजापूरचे, स्वतः तबलाही वाजवणारे. सम आली तेव्हा ह्यांनी डावा हात खुर्चीच्या हातावर दाबून सरकवला, मींड काढतात तसा. मग म्हणाले, "डग्गा थोडा उतरलाय. तेव्हा पावसाळा असावा."