आपलं आरोग्य केंद्र दुसऱ्यापेक्षा चांगलं की मागं, हे ठरतं कसं? आकडे वाचायची सोपी पद्धत

पिंपळगाव रेणुकाई (ता. भोकरदन) : इथल्या मिरची बाजारात नुसतं वजन बघून भाव ठरत नाही, माल हातात घेऊनही बघितला जातो. प्राथमिक आरोग्य केंद्राचंही तसंच आहे. दर महिन्याला केंद्राचे आकडे वर जातात आणि त्यावरून तालुक्या-तालुक्याची, जिल्ह्या-जिल्ह्याची तुलना होते. कोणतं केंद्र पुढं, कोणतं मागं, हे त्यावरून ठरतं. म्हणून हे आकडे गावकऱ्यांनाही वाचता आले पाहिजेत.

आकडे येतात कुठून?

आशा ताई आणि आरोग्यसेविका गावात नोंद घेतात. ती उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून तालुका व जिल्हा कार्यालयात जाते. २००८ पासून देशभरात ही माहिती 'एचएमआयएस' या ऑनलाइन प्रणालीत भरली जाते. ओपीडी किती झाली, बाळंतपणं किती, किती बाळांना लस मिळाली, हे सगळं त्यात असतं.

नुसती संख्या का फसवते?

सरकारी निकषानुसार सपाट भागात ३० हजार लोकसंख्येमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांमागं एक उपकेंद्र असावं. डोंगरी व आदिवासी भागात हेच निकष २० हजार आणि ३ हजार आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक केंद्राखालची लोकसंख्या वेगळी असते.

समजा, एका केंद्राखाली ३० हजार लोक आहेत आणि महिन्याची ओपीडी १,५०० आहे. दुसऱ्याखाली २० हजार लोक आहेत आणि ओपीडी १,२०० आहे. पहिला आकडा मोठा दिसतो. पण हजार लोकांमागं काढलं तर पहिल्याचे ५० आणि दुसऱ्याचे ६० रुग्ण होतात. म्हणजे दुसऱ्या केंद्राचा वापर जास्त आहे.

हजारी आकडा काढला तरी कारण विचारावंच लागतं. केंद्रात बाळंतपणं कमी झाली, तर डॉक्टरची जागा रिकामी असू शकते, किंवा लोक शहरातल्या खासगी दवाखान्यात जात असतील. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातल्या बाळाची लस चुकली, तरी गावचा टक्का खाली येतो. उलट, कागदावर टक्का चांगला असला तरी एखाद्या वाडीवर लस पोहोचलेली नसते.

तपासणीचे गुण

स्वच्छता, जैविक कचरा आणि जंतुसंसर्ग रोखण्याची व्यवस्था बघून 'कायाकल्प' योजनेत गुण मिळतात. ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली. आधी केंद्र स्वतःची तपासणी करतं, मग दुसऱ्या केंद्राचं पथक येतं, शेवटी बाहेरचं पथक. पुरस्कारासाठी किमान ७० टक्के गुण लागतात. उपचार, औषधं, रुग्णांचे हक्क हे सगळं 'एनक्यूएएस' या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांत तपासलं जातं.

सर्वेक्षण काय सांगतं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी जाऊन विचारतात, त्यामुळं दवाखान्याच्या नोंदी पडताळायला ते उपयोगी पडतं. २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रात दवाखान्यात होणारी बाळंतपणं ९०.३ टक्के होती, २०१९-२१ च्या फेरीत ती ९४.७ टक्के झाली. पण हे आकडे जिल्ह्यापर्यंतच मिळतात. आपल्या केंद्राचं चित्र त्यात दिसत नाही.

गावकऱ्यांनीही मोजलं

२००७ मध्ये महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. गावच्या समितीनं लोकांना विचारून सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा, अशी पद्धत होती. ज्याला वाचता येत नाही त्यालाही लाल रंग कळायचा. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडले जायचे.

ग्रामसभेत काय विचारायचं?

- मंजूर पदं किती, भरलेली किती?
- रात्री बाळंतपण होतं का? गेल्या महिन्यात किती महिलांना पुढं पाठवलं, आणि का?
- कोणती औषधं संपली, किती दिवस?
- किती बाळांची लस राहिली, कोणत्या वस्तीवर?
- बीपी-शुगरचे किती रुग्ण दर महिन्याला गोळ्या नेतात?

उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. ३० दिवसांत माहिती देणं बंधनकारक आहे.

तुलना करताना शेजारच्या, आपल्यासारख्याच केंद्राशी करावी आणि एका महिन्याऐवजी वर्षभराचे आकडे घ्यावेत. बाळंतपण खासगीत झालं किंवा बाळाला बाहेरगावी लस दिली, तर आशा ताईंना सांगून नोंद करून घ्यावी. नोंदच नसली तर पुढच्या लसीची आठवण करून द्यायला कोणी येणार नाही.