सत्त्याण्णव सालची दुसरी गोष्ट



शाळेत १८९७ हे साल आपण एकाच कारणासाठी पाठ केले. पुण्यातला प्लेग, रँडसाहेबाची दांडगाई, सोजिरांनी घरात शिरून घेतलेल्या झडत्या आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या. सर हा धडा असा रंगवत की तास संपल्याची घंटा ऐकू येत नसे. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, हेही सरांनीच सांगितले.

त्या तासाला शेवटच्या बाकावरून आपल्या बेने इस्राएली मित्राने हात वर केला. "सर, प्लेगची लस कोणी काढली?" सर म्हणाले, "तूच सांग." तो उठून म्हणाला, "हाफकिन. आमच्यातले होते," आणि पटकन खाली बसला. पुढे वर्षभर आपण त्याला 'हाफकिन' म्हणून चिडवले. आज तो इस्रायलमध्ये अश्दोदला असतो आणि या स्नेहसंमेलनाला येऊ शकत नाही. त्याचे उत्तर आपण तेव्हा ऐकून घेतले नाही, म्हणून हा लेख.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. झारच्या राज्यात ज्यूंना विद्यापीठात पुढे जाण्याच्या वाटा जवळजवळ बंद होत्या. धर्म सोडला असता तर वाट मोकळी झाली असती. त्यांनी धर्म सोडला नाही, देश सोडला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना सुरुवातीला ग्रंथालयात काम मिळाले. तिथेच त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ती घेऊन ते हिंदुस्थानात आले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले. लोक गाड्या भरभरून शहर सोडू लागले. हाफकिन मात्र मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक कारकून आणि हाताखाली तीन माणसे मिळाली. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती टोचून घेतली, तीही पुढे इतरांना दिली त्यापेक्षा मोठ्या मात्रेत. ताप भरला, अंग दुखले, पण ते उठून कामाला लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. तरुण आगाखानांनी आपल्या खोजा समाजाची भीती जावी म्हणून सर्वांदेखत सुई टोचून घेतली. लसीने धोका पुरता टळत नव्हता, पण बराच कमी होत होता. एका बाजूला दार मोडून घरात शिरणारी सरकारी माणसे होती, तर दुसऱ्या बाजूला आधी स्वतःच्या अंगावर प्रयोग करून मग लोकांपुढे जाणारा हा माणूस. आपल्या धड्यात फक्त पहिली बाजू होती.

खरी परीक्षा पुढे झाली. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. चौकशीत ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. पुढे फेरतपासात निघाले की बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. ते हिंदुस्थानात परत आले, पण मुंबईची जागा त्यांना मिळाली नाही. कलकत्त्यात, हाती कमी अधिकार असताना, ते निवृत्तीपर्यंत काम करत राहिले.

माणूस असा परत का येतो? याचे एक उत्तर मला आपल्या मित्राच्या घरी मिळाले होते. मलिद्याच्या दिवशी गोड पोहे आणि फळांची ताटली आधी शेजाऱ्यांकडे जाई. त्याच्या आजी सांगत, देवाने अब्राहामाला आशीर्वाद दिला तेव्हा जगातल्या सगळ्या कुळांना त्याच्यामुळे आशीर्वाद मिळेल, असेही सांगितले. म्हणजे मिळालेला आशीर्वाद घरात कोंडून ठेवायचा नसतो. हिब्रूत दानाला 'त्सदाका' म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ न्यायात आहे. गरजूला देणे हे उपकार म्हणून नसते, ते त्याचे देणे असते. देणे फेडताना समोरचा आभार मानतो की ठपका ठेवतो, हे पाहायचे नसते. हाफकिन यांच्या मनात नेमके हेच होते, असा दावा मी करणार नाही. पण आयुष्याच्या उत्तरार्धात ते धर्माचे नियम काटेकोर पाळू लागले, परंपरेची बाजू घेणारा लेख त्यांनी १९१६ मध्ये लिहिला आणि आपली मिळकत पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांतील मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. १९३० मध्ये लोझान शहरात ते वारले.

त्याआधी, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले. पाटी आजही तिथे आहे. करोनाच्या दिवसांत लसीच्या रांगेत उभा असताना मला शेवटचा बाक आठवला.

मित्रा, हा अंक तुला पोस्टाने पाठवत आहोत. आम्ही चिडवायला घेतलेले नाव मानाचे होते, हे आम्हाला फार उशिरा कळले.