एका मताने हरलेले टिल्डनसाहेब

न्यूयॉर्कच्या पब्लिक लायब्ररीसमोरचे दोन दगडी सिंह सगळ्यांच्या फोटोत असतात. माझ्याही आहेत. पण इमारतीच्या दर्शनी भागावर कोरलेली तीन नावं मी घरी आल्यावर, फोटो मोठा करून वाचली.. ॲस्टर, लेनॉक्स, टिल्डन. पहिल्या दोघा धनिकांबद्दल ऐकून होतो. हा तिसरा कोण म्हणून शोधायला बसलो आणि रात्रीचे दोन वाजले!

सॅम्युएल टिल्डन (१८१४-१८८६) हा रेल्वे कंपन्यांचा निष्णात वकील. लग्न केलं नाही, तब्येतीची कायम कुरकुर, वक्तृत्व बेताचंच. त्याचं हत्यार म्हणजे हिशेबाची वही. १८७१ मध्ये त्याने एका बँकेची खाती उलगडून दाखवलं, की न्यूयॉर्क शहराच्या कंत्राटदारांना दिलेल्या पैशातला किती वाटा बॉस ट्वीडच्या खिशात परत जातो. ट्वीड शेवटी १८७८ मध्ये तुरुंगातच मेला. (टिल्डन त्याच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचा राज्यातला अध्यक्ष होता आणि बरीच वर्षं गप्प होता, हेही सांगायला हवं.) या कीर्तीवर तो १८७४ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आला, कालव्यांच्या दुरुस्तीत पैसे खाणाऱ्या टोळीच्या मागे लागला आणि १८७६ मध्ये अध्यक्षपदाचा उमेदवार झाला.

विरुद्ध होते ओहायोचे गव्हर्नर हेज. टिल्डनला जवळजवळ अडीच लाख मतं जास्त मिळाली. निर्वाचक मतांपैकी १८५ हवी होती, हाती होती १८४. फ्लोरिडा, लुईझियाना, साउथ कॅरोलिना आणि ओरेगनमधलं एक अशा २० मतांवर वाद. त्यासाठी १५ जणांचा आयोग नेमला, आणि प्रत्येक वेळी ८ विरुद्ध ७ असा, पक्षाच्या रेषेवर निकाल लागला. वीसच्या वीस मतं हेजना!

टिल्डनने समर्थकांना रस्त्यावर उतरवलं नाही. यादवी युद्ध संपून जेमतेम १२ वर्षं झाली होती. मला वाटतं, हेच त्याचं सर्वांत मोठं काम.

पण त्याला 'लुटला गेलेला सज्जन' म्हणून मोकळं होता येत नाही. दक्षिणेत त्याच्या पक्षाच्या लोकांनी मारहाण, खून करून कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवलं होतं. मग खरा कौल कोणाचा? शिवाय १८७८ मध्ये सांकेतिक तारा छापून आल्या. त्याचा भाचा मतं विकत घेण्याची बोलणी करत होता. टिल्डन म्हणाला, मला ठाऊक नव्हतं. हिशेबातला डॉलरही न सुटणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातलं ठाऊक नव्हतं.. बघा, पटतंय का.

आणि वाद मिटला तो कोणाच्या जिवावर? एप्रिल १८७७ मध्ये हेजनी साउथ कॅरोलिना आणि लुईझियानाच्या राजधान्यांतून संरक्षणाचं सैन्य काढून घेतलं. तिथल्या कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क पुढे हळूहळू जवळजवळ नाहीसाच झाला, तो पुन्हा नीट मिळायला १९६५ उजाडलं. त्यांचं नाव कुठल्या इमारतीवर कोरलेलं मला दिसलं नाही.

राहिली लायब्ररी. टिल्डनने बहुतेक सगळी संपत्ती सार्वजनिक वाचनालयासाठी ठेवली होती. पुतणे कोर्टात गेले, १८९१ मध्ये मृत्युपत्रातली ती तरतूदच रद्द झाली! एका वारसाशी तडजोड झाली होती म्हणून वीस लाख डॉलरहून थोडी जास्त रक्कम वाचली, आणि १८९५ मध्ये ॲस्टर आणि लेनॉक्सच्या वाचनालयांबरोबर तिचं हे ग्रंथालय झालं. इतका मुरलेला वकील, आणि स्वतःचं मृत्युपत्र कोर्टात टिकलं नाही.