कारवानातून निसटलेली व्हॅन

पाव, दूध, वर्तमानपत्रांचे गठ्ठे किंवा शाळेची मुले वाहणाऱ्या गाडीला आपण 'व्हॅन' म्हणतो, तेव्हा हा शब्द एका थोरल्या शब्दाचे उरलेले शेपूट आहे, याची जाणीव आपणांस क्वचितच असते. मजल दरमजल करीत एकत्र जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तांड्याला फारसीत कारवान म्हणत. तो शब्द युरोपात जाऊन इंग्रजीत 'कॅरव्हॅन' झाला, तांड्यावरून त्याचा अर्थ आच्छादित गाडीवर आला, आणि १९व्या शतकात बोलणाऱ्यांनी त्याचे पुढचे अंग छाटून टाकले. माल छाटलेल्या शब्दाकडे गेला. बिऱ्हाड मात्र मूळ शब्दाकडेच राहिले.

त्या बिऱ्हाडाची हौस प्रथम सुखवस्तूंनी केली. आरमारातील निवृत्त शल्यवैद्य गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली 'वाँडरर' नावाची दोन घोड्यांची घरगाडी बांधवून घेतली व तीतून ते स्कॉटलंडपर्यंत गेले. परंतु सोबत सारथी आणि खिदमतगार बाळगण्याची ऐपत किती जणांची असणार?

सामान्यांची सोय दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत झाली. बेन पॉन या डच व्यापाऱ्याने १९४७च्या एप्रिलमध्ये आपल्या टिपणवहीत पेटीसारख्या एका गाडीचे रेखाचित्र काढले, आणि तिच्यावरून सिद्ध झालेली फोक्सवागनची ट्रान्सपोर्टर १९५० साली कारखान्याबाहेर पडली. अवघ्या २५ अश्वशक्तीचे इंजिन मागे आणि चालक अगदी पुढे, यामुळे मध्ये जो सपाट, मोकळा अवकाश राहिला, तो माल भरण्यासाठी योजिलेला असला तरी त्यात एक खोली मावेल, हे चाणाक्ष दृष्टीस दिसण्यास वेळ लागला नाही. जर्मनीत तैनात असलेल्या एका परदेशी लष्करी अधिकाऱ्याच्या फर्माइशीवरून वीडेनब्र्यूक येथील वेस्टफालिया या कारखान्याने १९५१च्या सुमारास 'कॅम्पिंग बॉक्स' तयार केला. रात्री बिछाना होणारे आसन व कपाटे असलेला हा लाकडी सरंजाम बाहेर काढून ठेवता येत असे. त्यामुळे आठवडाभर दुकानाचा माल वाहणारी गाडी सुट्टीच्या दिवशी घर होई. एका खर्चात दोन कामे साधण्याची ही काटकसरच तिच्या लोकप्रियतेचे मर्म होती.

इंग्लंडात फोकस्टन येथील मार्टिन वॉल्टर यांनी बेडफर्ड व्हॅनची 'डॉर्मोबिल' केली. शयनगृह आणि मोटार यांच्या इंग्रजी नावांचा हा संधी होय. तेथे मोटार-कॅरव्हॅनला खरेदीकरातून सूट असे, म्हणून बिछाना, चूल आणि कपाट ही केवळ सुखाची साधने न राहता जमाखर्चाच्या दृष्टीनेही मोलाची ठरली.

१८४४ साली स्थापन झालेला वेस्टफालियाचा कारखाना मूळचा घोडागाड्यांचा आणि मार्टिन वॉल्टर यांची पेढी घोड्यांच्या साजाची होती, हा योगायोग नव्हे. लाकूड, चामडे व कापड जोडून अरुंद जागेत माणसाची सोय लावण्याची विद्या याच कारागिरांच्या हाती होती. डॉर्मोबिलमध्ये उभे राहावयास डोक्यावर जागा पुरेना, तेव्हा त्यांनी छताची एक बाजू बिजागरीवर उचलून खाली कापडाची भिंत लावली. मुक्कामी पोचताच कापड ताणून निवारा उभा करण्याचा हा रिवाज कारवानाचाच. पुढचे अंग गमावलेल्या शब्दाला तो असा पुन्हा येऊन मिळाला.